अंगदरावांच्या गाडीत मोठा कॅमशाफ्ट बसवू नये, याबद्दल

मी, धर्मराज बंकट गडदे, वय एकसष्ट, धंदा गॅरेज, मूळ राहणार चकलांबा, हल्ली मुक्काम चौसाळा, हे मृत्युपत्र माझ्या हाताने, कोणाच्या दबावाखाली नाही, पूर्ण शुद्धीत लिहीत आहे. शुद्धीबद्दल शंका नको. धीराबद्दल विचाराल तर तो जागेवर नाही. येत्या गुरुवारी संभाजीनगरच्या दवाखान्यात माझ्या हृदयाची झडप बदलायची आहे. डॉक्टरांनी आपली नळी माझ्याच कानाला लावून दिली. दोन ठोक्यांच्या मधे फुस्स असा आवाज आला. जन्मभर दुसऱ्यांची इंजिनं ऐकली, स्वतःचं ऐकून घाम फुटला. डॉक्टर म्हणाले, घाबरू नका. इंजिन उघडायच्या आधी मीही गिऱ्हाइकाला हेच म्हणतो.

कलम एक. राहतं घर आणि बँकेत जे काही असेल ते माझी पत्नी मनकर्णा हिचं. "आता तुम्ही कुठं राहणार?" असं तिला विचारणारा कोणीही पाहुणा असो, त्याला चहा न देता वाटेला लावावं.

कलम दोन. गॅरेज, जागा आणि सगळी हत्यारं माझा मुलगा सोमनाथ याची. त्यात माझा लांब पेचकस आला. त्याचं टोक इंजिनाला आणि मूठ कानामागच्या हाडाला लावून मी ऐकतो. ही विद्या गॅरेजातली नाही. वडील मेंढरं राखायचे. कळप पुढं निघाला की कोणत्या मेंढीची घंटी वाजत नाही, हे मला मान न वळवता कळायचं. सोमनाथ, तू मशीन लावून बघतोस, जरूर बघ, पण आधी ऐक. टॉर्क पाना हनुमान टायरवाल्याकडे आहे. तो नेल्यापासून त्याला आपला वाटू लागला आहे. तो परत आणावा. हनुमान या कागदावर साक्षीदार म्हणून सही करणार आहे, म्हणजे हे वाचल्याशिवाय राहणार नाही.

कलम तीन. हे खरं कलम. याच्यासाठीच कागद काढला.

माझे जावई अंगदराव, राहणार पाली, ऊसतोडीचे मुकादम. माणूस दिलदार, पण थाटाचा भुकेला. त्यांनी परदेशी बनावटीची आठ सिलिंडरची पेट्रोल गाडी जुन्यात घेतली. ती उभ्या उभ्या मिस मारायची, म्हणजे एक सिलिंडर पेटायचं चुकायचं. बीडला एकाने सगळे प्लग बदलले, दुसऱ्याने ठिणगीच्या कॉइल. मिस तशीच. माझ्याकडे आणली तेव्हा मी शेजारशेजारच्या दोन सिलिंडरच्या कॉइल अदलाबदल केल्या. मिस कॉइलबरोबर सरकली नाही, त्याच सिलिंडरला राहिली. मग पेचकस लावला. वरून टिकटिक, आणि हवा पुरती आत जातच नव्हती. उघडलं तर झडपा उघडणाऱ्या दांड्याचा, म्हणजे कॅमशाफ्टचा, त्या जागचा उंचवटा झिजून सपाट झालेला. झडप उघडणार कशी? म्हणजे कॅमशाफ्ट नवा टाकणं आलं.

इथे माझी चूक झाली. अधिक महिना चालू आहे. जावयाला धोंड्याचं जेवण घातलं, पुरणाचे धोंडे झाले, आणि चार पाहुण्यांसमोर मी फुशारकीत म्हणालो, "जावईबापू, वाण काय देऊ? मागा ते देतो." मला वाटलं अंगठी मागतील.

अंगदराव म्हणाले, "मामा, कॅम टाकायचाच हाय तर मोठा टाका. उभी गाडी धडधडली पायजे. गावात शिरलो की लोकांनी घरात बसून वळखावं."

मी म्हणालो, "दिला."

मोठ्या कॅमने झडपा जास्त वेळ उघड्या राहतात. वेगात ताकद वाढते, पण हळू चालताना इंजिनाची हवा आत खेचायची ओढ कमी पडते. ब्रेक हलका ठेवणारा डबा त्याच ओढीवर चालतो. ओढ कमी तर दोन-तीनदा दाबल्यावर ब्रेक दगडासारखा. शिवाय ती धडधड म्हणजे मिसचीच बहीण. खरी मिस आली तरी कोणाला ऐकू येणार नाही. जड गाडीला लहान कॅमच योग्य. कमी वेगातही गाडी ताकदीनं निघते, ब्रेक शाबूत राहतो. मी गुपचूप दोन्ही मागवले. दोन्ही माझ्या फळीवर आहेत.

अंगदराव मिरवणुकीपुरती गाडी चालवतात. रोज चालवते ती माझी मुलगी योगिता. दोन्ही लेकरं मागे बसवून पालीहून बीडला शाळेत नेते. माहेराहून परतताना कंटेनरच्या मागे मांजरसुंब्याचा घाट मुंगीच्या चालीनं उतरते. मी दुसऱ्या गाडीची ओढीची नळी काढून तिला ब्रेक दाबायला लावला. ती सीटवरून उठून उभी राहिली, तरी पुरता दाबला गेला नाही. म्हणाली, "आण्णा, लईच जड हाय की. पण ते नाराज व्हतील. जाऊ द्या, मी सांभाळून चालवीन."

अंगदरावांनाही तेच करून दाखवलं. त्यांनी एका पायाने कचकन दाबला आणि हसले, "मामा, येवढ्याला भिता व्हय?"

भितो. झोपवून छाती उघडणार याला भितो. पण त्याहून जास्त भितो ते काल सोमनाथ बोलला त्याला. मी म्हणालो, लहानच बसव. तर म्हणतो, "आण्णा, तुमी चार लोकांत शब्द दिलाय. तुमी आलात की तुमचं तुमी बघा. पण देव न करो, तुमी न्हाईच आलात, तर मेलेल्या बापाचा शब्द मी मोडू? कावून? तोंड कुठं दाखवू?"

म्हणजे मी जगलो तर गाडी वाचेल, आणि मेलो तर माझ्याच शब्दाने माझी पोर मारली जाईल.

म्हणून लिहून देतो: तो शब्द मी, धर्मराज, जिवंतपणी मोडत आहे. पाप लागलं तर मला. अंगदरावांना वाण म्हणून लहान कॅमशाफ्ट आणि माझी जुनी जीप द्यावी. तिला सायलेन्सर नाही. हवी तितकी धडधडवा, पण लेकरांशिवाय.

कलम चार. हे लिहिता लिहिता ध्यानात आलं, की मृत्युपत्र वाचतात तेरावा उरकल्यावर. शाळा सोमवारी उघडते. अंगदरावांना गाडी त्याच्या आधी हवी आहे. हा कागद पेटीत असेल आणि माझी पोर मोठा कॅम घेऊन रस्त्यावर. तीन कलमं लिहून मी काहीच वाचवलं नव्हतं.

लगेच सोमनाथला हाक मारली. "मोठा कॅम शिकंजात धर आणि ग्राइंडर आण."

त्याने कॅम धरला. ग्राइंडर घेईना. "आण्णा, वाणाची वस्तू हाय. माझ्या हातनं न्हाई व्हायचं."

मग मी उठलो. डॉक्टरांनी बादली उचलायला बंदी केली आहे. मनकर्णा आडवी येईल असं वाटलं. ती म्हणाली, "आवो, तुमी निस्तं धरा. बटण मी दाबते," आणि तिने दाबलं.

याउपर माझं काही सांगणं नाही.

धर्मराज बंकट गडदे (सही)

साक्षीदारांचं म्हणणं: हा कागद कर्त्याने आम्हांसमोर वाचला व सही केली. त्यापूर्वी मोठा कॅमशाफ्ट आम्हांसमोर मधोमध कापला, तुकडे आम्ही हातात घेऊन पाहिले. ग्राइंडर कर्त्याने धरला, बटण त्याच्या पत्नीने दाबलं. कर्त्याची बुद्धी स्थिर होती.

१. हनुमान किसन नाईकवाडे, टायर दुकान, चौसाळा (सही, पाना उद्या आणून देतो)
२. मुक्ताबाई रंगनाथ जोगदंड, चहाचं हॉटेल, चौसाळा (सही)

ठिकाण: चौसाळा, ता. जि. बीड
दिनांक: ९ जून २०२६