सोळा जणींची मापं

मखमलाबाद, नाशिक
२८ सप्टेंबर

चि. निकितास आईचे अनेक आशीर्वाद.

फोनवर तू बोलतेस ते माझ्या कानाला निम्मंच पोचतं, म्हणून तुमच्या पथकाच्या औषधांच्या गाडीबरोबर हे पत्र देते. तुझ्या बाबांना जाऊन वर्ष झालं, आणि तू नर्स म्हणून पूरग्रस्तांकडे गेलीस तेव्हापासून घर अगदीच सुनं आहे. कुकरची शिट्टी वर झालेली दिसते, ऐकू येत नाही.

टीव्हीवर ती पडकी घरं पाहून राहवलं नाही. मळ्यामळ्यांतून फिरून जुने कपडे गोळा केले, अकरा गाठोडी झाली. रविवारी भाजीवाल्या केरूच्या टेम्पोतून मीही येते. भाकरी थापीन, भांडी घाशीन. तुझ्याजवळ तरी राहीन.

वेळेवर जेव, आणि आईची आठवण ठेव.
तुझी आई

*

बोरखेडी
१ ऑक्टोबर

ती. आईस शि. सा. न. वि. वि.

आई, तू येऊ नकोस, गाठोडीही पाठवू नकोस. तुला लागेल, तरी लिहिते. शाळेसमोर कपड्यांचा ढीग चिखलात कुजतो आहे, त्यावर शेळ्या बसतात. काल तीस जण न विचारता मदतीला आले. त्यांना झोपायला जागा देताना गावातल्या चार कुटुंबांना व्हरांड्यात सरकावं लागलं.

बायकांना काय हवं ते मी विचारलं. मग इथली आशा सेविका सविता हळूच म्हणाली, की साड्या ढिगानं आल्या, पण ब्लाउज एकीचं दुसरीला होत नाही, आणि परकर कोणी देतच नाही. दहा दिवस या बायका एकाच ओल्या ब्लाउजवर आहेत. सोळा जणींची मापं घेतली, सोबत जोडते. तू शिवशील? कोणी कापड देणार असेल तर नवं, सुती घे.

रागावलीस तरी माया कमी करू नकोस.
तुझी निकी

*

मखमलाबाद
८ ऑक्टोबर

चि. निकितास अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून दोन दिवस कुणाशी बोलले नाही. बोलायला कोणी नव्हतंच, ते वेगळं. मग गाठोडी घरोघर परत केली. एकीनं विचारलं, पूर आलेल्यांना एवढे नखरे कशाला. मी तिला त्या ओल्या ब्लाउजचं सांगितलं, तेव्हा तिनं गाठोडं आत ठेवलं. शेजारच्या रूपालीनं नवं कापड आणलं आणि हुकं लावायला बसली. चार दिवस घरात माणसांचा वावर होता.

मापं वाचता वाचता बायका डोळ्यांसमोर यायला लागल्या. साळूबाईची छाती अठ्ठावीस, पोर आहे की म्हातारी ते कळेना. म्हणून शिवणीत कापड जास्त ठेवलं आहे, वाढली तर उसवता येईल.

काल ब्लाउज-परकरांचा गठ्ठा बांधला, रूपाली घरी गेली. मी मशीन पुसून त्यावर झाकण घातलं. दिवाळीला येशील ना?

सुखी राहा, लिहीत राहा.
तुझी आई

*

बोरखेडी
१४ ऑक्टोबर

ती. आईस शि. सा. न. वि. वि.

सगळ्या जणींना नीट बसलं, दोघींचं फक्त सैल करावं लागलं. साळूबाई सत्तरीच्या आहेत. त्यांचे यजमान पुरात वाहून गेले. तेव्हापासून त्या कुणाशी बोलत नव्हत्या, घास भरवला तरच खायच्या. ब्लाउज घालून त्यांनी खांद्यावरून, बाहीवरून हात फिरवला आणि म्हणाल्या, "ह्ये माझ्या मापाचं हाय."

मग विचारलं, कुणी शिवलं. मी म्हटलं, माझ्या आईनं. तर म्हणाल्या, "तिच्यासंगं कोण असतं घरी?"

मी पुढच्या रुग्णाचा ताप बघायला उठले. आई, इथं तापाची साथ आहे. दिवाळीला मला निघता येणार नाही.

मनात राग असला तरी आशीर्वाद असू दे.
तुझी निकी

*

मखमलाबाद
१७ ऑक्टोबर

चि. निकितास अनेक आशीर्वाद.

ये म्हणत नाही. रुग्ण सोडून येऊही नकोस. पत्र घडी करून ठेवलं, परत उघडलं, एवढंच.

साळूबाईंना खरं ते सांग, घरी कोणी नसतं म्हणून. त्यांना समजेल.

तुझी आई