चाळिसावी सही

१४ मार्च, गुरुवार

ताई आणि धाकटे,

ज्यांच्या बापाला पोरांपेक्षा भट्टी प्यारी होती, त्या माझ्या भावंडांनो! सभेत बोलायची सवय, जात नाही. पण खोटं आहे का? आपली आजारपणं, शाळेचे समारंभ, आई गेली तो दिवस. बाबा पाव भाजत होते. प्रगतिपुस्तकावर सही करायलाही त्यांना फुरसत नसे. तुमच्यासुद्धा पुस्तकांवर मीच त्यांची सही ठोकायचो. बाईंना कधी संशय आला नाही.

इकडे सगळं ठीक. धाकटे, लेकीचा दमा कसा आहे?

आपल्या गल्लीचं काम झालं. आपलं शहर हवामानस्नेही व्हावं म्हणून चार वर्षं घसा फोडला. व्यापारी संघ, शाळा, महिला मंडळ आणि नगरपालिका यांना एका टेबलाशी बसवलं. नियमही माझाच: गल्लीतल्या चाळीसच्या चाळीस घरा-दुकानांनी धूर बंद करण्याच्या करारावर सही केली, तरच छपरांवर सौर पॅनेल आणि रस्त्याला झाडं. एक जरी अडला, तरी कुणालाच काही नाही.

एकोणचाळीस झाल्या. अडलं कोण, ते तुम्हाला ठाऊक आहे.

विजेची भट्टी फुकट देऊ केली. बाबा म्हणाले, "तिच्यात पाव तापतो, भाजत नाही." लोकांनी पाव घेणं बंद केलं. समोरच्या शिंपीणबाई दारात येऊन म्हणाल्या, "तुमच्यापायी आमचं छप्पर रिकामं राहणार म्हणा की!"

"छप्परच ना, बाई? तीस वर्षं पोट तर रिकामं ठेवलं नाही मी."

मी सभेत गरजलो, "एका म्हाताऱ्याच्या हट्टापायी चाळीस घरांनी गुदमरायचं का?" टाळ्यांचा कडकडाट. बाबा दुसऱ्या रांगेत होते. त्यांनीही टाळ्या वाजवल्या. शेजारच्याला म्हणाले, "पोरगा बोलतो मात्र झकास."

मुदतीच्या शेवटच्या दिवशी चाळिसावी सही मिळाली. कशी, ते तुम्ही एव्हाना ओळखलं असेल. प्रगतिपुस्तकाचं मी वर उगाच लिहिलेलं नाही.

भट्टी पाडायला माणसं आली, तेव्हा बाबा पीठ मळत होते. मुकादमाने कराराचा कागद पुढे केला. बाबांनी चष्मा पुसला, पुन्हा लावला. बराच वेळ पाहिलं. मग हात धुतले आणि बाजूला सरले.

"केली असेल," म्हणाले. "आठवत नाही."

मी तिथेच उभा होतो.

आता त्यांनी एक वही केली आहे. दाढी केली की लिहितात. चहा घेतला की लिहितात. गॅस बंद केला की मला हाक मारून दाखवतात. दुकानाच्या किल्ल्या आपण होऊन माझ्या हातात दिल्या. डॉक्टरांनी तासभर तपासून सांगितलं, "आजोबा, तुमची स्मरणशक्ती माझ्यापेक्षा चांगली आहे." बाहेर आल्यावर बाबा म्हणाले, "भला माणूस आहे. धीर देतो बिचारा." आणि माझा हात धरून रस्ता ओलांडला. आयुष्यात पहिल्यांदा. मला बरं वाटलं. हेही लिहून टाकतो.

खरं सांगितलं तर करार रद्द होईल, चाळीसही छपरांवरची पॅनेलं जातील. गल्लीतला धूर खरोखर गेलाय. शिंपीणबाईंचे पडदे आता पांढरे राहतात. मी म्हणत होतो ते चूक नव्हतं. आजही नाही.

रविवारी उद्घाटन आहे आणि पहिला सत्कार बाबांचा. पण काल ते अडून बसले. "कागदावर दोन फेब्रुवारी तारीख आहे. त्या दिवशी दोघी पोरी जेवायला आल्या होत्या. त्यांनी मला सही करताना पाहिलं असेल, तर डोकं गेलं म्हणून मान्य करतो आणि गप्प स्टेजवर चढतो. तू कुणालाही बोलण्यात गुंडाळशील. पोरी खोटं बोलायच्या नाहीत."

तेव्हा रविवारी दहाच्या आत या. ते दोघींना वेगवेगळं गाठून विचारतील. नजर चुकवू नका, रडू नका. एवढंच सांगा: "हो बाबा, आमच्यासमोर केलीत."

ज्याच्यावाचून बाबा हल्ली उंबऱ्याबाहेर पाऊल टाकत नाहीत, तो
तुमचा भाऊ