नबातीचं चित्र

यज्द, १८ एस्फंद

प्रिय दादाश,

सलाम. आगाजानचं पोट आता बरं आहे. एस्मतखानूमला आणि मुलांना माझी आठवण सांग. रीतीचं एवढं झालं.

आता सांग, माझं चित्र तुला खडीसाखरेचा डबा वाटला का रे? आगाजानच्या पोटात कळ आली, चहात विरघळवायला नबात हवी होती, कबूल. शेजारी मागायची! मी चित्र शीराजच्या प्रदर्शनाला न्यायला गाडी ठरवायला गेले, तेवढ्यात तू, चार दिवसांचा पाहुणा, माझ्या खोलीत शिरलास आणि खिडकीतल्या चौकटीचा सगळ्यांत उजळ कोपरा मोडून घेतलास. दोरे ताणलेली ती चौकट केशराच्या पाकात बुडवून त्यावर खडे चढवण्यात माझा अख्खा हिवाळा गेला. मागून ऊन आलं की भिंतीवर पिवळा, तांबूस उजेड हलायचा. तो तू चमच्याने ढवळून पाजलास.

वर काल बसवाल्याबरोबर दोन किलो नबात धाडलीस. म्हणे, "भोक बुजव, रागावू नकोस." बाजारची गढूळ नबात! चिकटवू कशाने, थुंकीने? प्रदर्शनवाल्या बाई फोनवर म्हणाल्या, भोक राहू दे, त्यालाही अर्थ आहे. मी म्हटलं, अर्थबिर्थ काही नाही, माझ्या भावाने चित्र चहात घातलंय.

चित्र मी पुन्हा करीन. राग त्याचा नाही.

आगाजान जन्मभर नबातीच्या कढईपाशी उभे राहिले. मला भट्टीत पाऊल टाकू दिलं नाही. तुला शिकवलं, तर तू केरमानला फरशा विकायला पळालास. मी दाराच्या फटीतून बघून शिकले. बाप असून माझी चित्रं बघायला ते कधी जिना चढले नाहीत. "साखरेची नासाडी काय बघायची?" आणि त्या दिवशी मी परतले तर केवढे खुलले होते!

"माहरुख, खडा जिभेवर ठेवला आणि कळलं, हा माझ्याच हातचा पाक. विचारलं कुणी शिजवली, तर ईरज म्हणाला, मी. शिकला गं पोरगा शेवटी!"

दादाश, तू म्हणालास, मी?

मी चहाचा ट्रे उचलून आत नेला. खरं सांगितलं असतं तर म्हणाले असते, भावाचा हेवा करते. आता येणाऱ्याजाणाऱ्याला ते तुझं कौतुक सांगतात आणि मी पेले विसळते. रडू येतं मला, संतापाने येतं.

नवरोजला ये. भेटवस्तू आणू नकोस. आगाजानच्या समोर बस आणि माझ्यादेखत सांग, नबात कुणी शिजवली. तोंडातून शब्द फुटणार नसेल, तर या घराची पायरी चढू नकोस.

तुझी बहीण नंतर, आगाजानच्या हातची नबात जिला येते ती आधी,
माहरुख