डोक्यावर हात

३ जून, सोमवार

समितीचं पत्र आलं. ह्यांच्या पश्चात त्यांचं शेअर बाजारातलं दलालीचं कार्ड ऑगस्टअखेरपर्यंत आपल्याकडे राहील. तोवर घरातल्या कुणीतरी रिंगणात उभं राहून सौदे करून दाखवायचे. नाहीतर कार्ड लिलावात जाईल. म्हणजे खालची पेढी गेली, आणि पेढीवरचं हे आमचं बिऱ्हाडही.

"मी उभा राहतो, वहिनी," भाऊजी म्हणाले. शाळेत भूगोल शिकवणारा माणूस! थोरल्या भावासाठी सुट्टी टाकून आले आहेत. मी "बरं" म्हटलं. दुसरं कोण आहे? माझा आवाज तर शेजारच्या खोलीतही जात नाही.

५ जून, बुधवार

स्वयंपाकघरात शिकवणी सुरू. रिंगणात सगळे दलाल एकाच वेळी ओरडत असतात, त्यामुळे खरं बोलणं हातांचं. तळहात स्वतःकडे — घेतो. तळहात समोरच्याकडे — देतो. हात उंच धरला तर बोटं म्हणजे किती शेकडे शेअर. हनुवटीपाशी नेला तर भाव. समोरचा "घेतले" किंवा "दिले" ओरडला की सौदा झाला. सही नाही, कागद नाही. कागद संध्याकाळी, दोन्हीकडचे कारकून ताळा करून बघतात तेव्हा.

मला हे सगळं कसं येतं, याचं भाऊजींना नवल. अहो, रोज संध्याकाळी ह्यांचा घसा बसलेला असायचा. घरचा कारभार हातांनीच चालायचा. एक बोट, तळहात स्वतःकडे — एक कप चहा. तळहात माझ्याकडे — पुरे, घेऊन जा. आमची भांडणंसुद्धा तशीच व्हायची. शेजाऱ्यांना कधी पत्ता लागला नाही.

"आणि दुपारी दादा तुमच्याकडे बघून डोक्यावर हात ठेवायचा, ते काय?" भाऊजी डबा द्यायला एकदा माझ्याबरोबर रिंगणावरच्या गॅलरीत आले होते, तेव्हा त्यांनी ते पाहिलं होतं.

"ती खूण नाही. डोकं दुखायचं त्यांचं."

रोज दुखायचं. रोज संध्याकाळी मी बाम चोळून द्यायचे.

८ जून, शनिवार

कपाट आवरताना बामची बाटली सापडली. अर्धी आहे. टाकली नाही.

१० जून, सोमवार

भाऊजींचा पहिला दिवस. सकाळी दोन सौदे बिनचूक केले म्हणे. दुपारी मी डबा घेऊन गॅलरीत गेले, कठड्याशी नेहमीच्या जागी उभी राहिले. खाली नुसता गलका. त्यात भाऊजी जत्रेत हरवलेल्या पोरासारखे. मी दिसले तसं त्यांना इतकं हायसं वाटलं की पाची बोटं पसरून हात हलवला. तळहात माझ्याकडे.

"घेतले!" गॅलरीच्या खालून भोंगा ओरडले. भोंगा म्हणजे ह्यांचे जुने दोस्त. नाव आवाजावरून पडलेलं. त्या वेळी साबणाच्या कंपनीचा भाव चालला होता. भाऊजींनी त्यांना पाचशे शेअर विकले होते. आपल्या तिजोरीत त्यातला एक नाही.

डबा तसाच परत आणला.

११ जून, मंगळवार

काल दिवेलागणीच्या आत भोंगा घरी आले. भाऊजी डोक्याला हात लावून बसले होते.

"आता लावून काय उपयोग?" भोंगा म्हणाले. "दुपारी ठेवायचा होता, डोक्यावर!"

मला काही कळेना. तेव्हा त्यांनी सांगितलं. डोक्यावर हात म्हणजे, मी आत्ता बाजारात नाही. त्यानंतर माणसानं हात हलवला, कान खाजवला, काहीही केलं तरी तो सौदा धरायचा नाही.

"पण ती खूण करतो कोण, वहिनी? तेवढ्यात भाव निसटला तर? तुमचे हे मात्र रोज. डबा दिसला की डोक्यावर हात, मग वर बघून टाटा. एकदा कापडाचा भाव असा चढत होता, मी ओरडतोय, आणि हा आपला वर बघतोय. म्हटलं, गाढवा, बायको रोजचीच आहे! तर म्हणतो, भावही रोजचाच आहे."

मला हसू आलं आणि मग काय आलं ते लिहीत नाही. इतकी वर्षं बाम चोळला. एकदाही सांगितलं नाही! डोळे मिटून आरामात पडून राहायचे.

मग भोंगा हळू बोलले. त्यांना हळू बोलता येतं हे मला ठाऊक नव्हतं. "कागद व्हायचाय अजून. माझ्या कारकुनाला सांगतो, हा सौदा धरू नको म्हणून. नवखा माणूस, झालं."

"हात वर गेला होता," मी म्हटलं. "ह्यांनी मागे घेतला असता का?"

भोंगा चहा संपवून गेले.

आज भाव चढला. भाऊजींनी चढ्या भावात पाचशे घेऊन भोंग्यांना देण्याची सोय केली. बाजाराकडची आपली अनामत बरीच रोडावली.

१३ जून, गुरुवार

"वहिनी, मला तिथं पुरात उभं केल्यासारखं होतं," भाऊजी म्हणाले. "मला नकाशातल्या नद्या बऱ्या. अजून आठवडाभर राहिलो तर दादाचं कार्ड मीच बुडवीन."

"बुडवाल," मी म्हटलं.

खूप दिवसांनी दोघं पोटभर हसलो. पण ऑगस्ट काही लांब नाही.

१४ जून, शुक्रवार

समितीचं पत्र पुन्हा वाचलं. 'घरातील सज्ञान व्यक्ती' एवढंच लिहिलंय. भोंग्यांना निरोप पाठवून बोलावलं, आवाजाचं विचारलं.

"ओरडायला आम्ही आहोत की! हात चुकतात का तुमचे?"

चुकत नाहीत.

उत्तर लिहून पेटीत टाकलं. भाऊजींना आधी वाचून दाखवलं. ते हसले, मग गंभीर झाले, मग म्हणाले, "डबा मी आणीन."

२० जून, गुरुवार

समितीत आज बराच खल झाला म्हणे. अध्यक्ष म्हणाले, असं आजवर कधी झालेलं नाही. भोंगा उठून म्हणाले, समोरचा सोडून देत असताना सौदा कुणी बळंच पाळला, असंही आजवर कधी झालेलं नाही. हे त्यांचं बोलणं बाहेर रस्त्यावर ऐकू आलं असणार.

निर्णय उद्या.

२४ जून, सोमवार

रिंगणात माझा पहिला दिवस. भाव चढत होता. भोंगा माझ्याकडे बघून ओरडत होते. तेवढ्यात गॅलरीत कठड्याशी भाऊजी आले, डबा उंच धरून दाखवला.

मी डोक्यावर हात ठेवला. भोवतीचे हात माझ्यावरून दुसरीकडे वळले. मग वर बघून सावकाश हात हलवला.

संध्याकाळी डोकं खरंच दुखत होतं. बाटली काढली.