गार्डसाहेबाच्या घड्याळाची किंमत

कलकत्ता, ता. ९ फेब्रुवारी १९७४

तीर्थरूप शंकरमामांच्या पायांवर भाचा खंडू याचं इथूनच डोकं. मी खुशाल हाय. तुमचा गुडघा, मामीचा दमा, शेळीचं बाळंतपण आन् तुमच्या रंभीची तब्येत (ही सहज विचारली) कशी हाय ते कळवावं. मांडवगणला आईला सांगा, खंडू वेळेवर जेवतो. शेठच्या दुकानात सोनं गाळताना माझ्या भिवया जळाल्यात, तेवढं सांगू नका.

पत्रास कारण तुमचं घड्याळ. दिवाळीला दौंड स्टेशनात तुम्ही ते गोधडीत गुंडाळून माझ्या मांडीवर ठेवलंत आन् म्हणालात, "खंड्या, कलकत्ता म्हंजी साहेबाची जुनी राजधानी. तिथं ह्याची पारख करून घे. येईल त्यात पाटसच्या कारकुनानं हुंड्यात मागितलेलं हातघड्याळ, सायकल आन् ट्रान्झिस्टर भागवू आन् रंभीचा बार उडवून देऊ. काहीच न्हाई आलं, तर मग बघू दुसरं कुणीतरी." दुसरं कुणीतरी म्हणताना तुम्ही माझ्याकडं बघितलंत, ते बाजार उठताना उरलेल्या वांग्याकडं बघतात तसं. मला त्याचं काही वाटलं न्हाई. पारख मी अगदी निःस्वार्थ मनानं केली, एवढं आधीच लिहून ठेवतो.

तुम्ही बजावलं होतंत, की उभं धर, आडवं केलंस तर बिघडंल. म्हणून मनमाडला गाडी बदलली तरी मी ते लेकरासारखं उभंच धरून बसलो. तुम्ही निघताना किल्ली भरून दिलेली, त्यामुळं ते आतून टकटक टकटक करत होतं. नागपूरपर्यंत कुणाचं लक्ष गेलं न्हाई. पुढं एका सरदारजीनं विचारलं, "इसमें क्या है?" मी म्हटलं, घडी है. तो म्हणाला, "तो टाइम क्या हुआ?" आता मामा, इथंच घोटाळा झाला. मी गोधडी सोडली. चार चिमुकल्या तबकड्या, प्रत्येकीत एक काटा. (पहिला तासाचा, दुसरा मिनिटाचा, तिसरा वाराचा आन् चौथा साहेबाचा खाजगी, हे तुम्हीच शिकवलेलं.) तसं वाचलं तर बुधवार, सव्वातीन निघाले. बाहेर शनिवारची सकाळ होती. ज्या घड्याळाला टकटक येते पण वेळ सांगता येत न्हाई, ते घड्याळ नसतंच, असं सगळ्या डब्यानं ठरवलं. सध्या इकडं बाँबची लई भीती. दहा मिनिटांत डबा रिकामा झाला. वाईट एवढंच वाटलं, की झोपायला अख्खं बाकडं मिळूनही घड्याळ उभं धरायचं असल्यामुळं आडवं होता आलं न्हाई.

हावड्याला सहा पोलीस हजर. घड्याळ फलाटाच्या टोकाला, मी दुसऱ्या टोकाला. जवळ जायला कुणी तयार न्हाई. शेवटी स्टेशनच्या दिवाबत्तीचे एक म्हातारे फोरमन आले. त्यांना सगळे बडेबाबू म्हणतात. त्यांनी चष्मा पुसला, काचेतून आत बघितलं आन् एकदम घड्याळाला हात जोडले. मला वाटलं, आता फुटतंय. तर म्हातारा हसायला लागला. म्हणाले, हे घड्याळ न्हाई, हे विजेचं मीटर! त्यांच्या लहानपणी साहेबलोकांच्या बंगल्यात असली मीटरं असायची. आत दोन लंबक. एक आपल्या चालीनं हलतो, दुसऱ्याला विजेमुळं जोर येतो. दोघांच्या चालीत जो फरक पडतो, तेच बिल. वीजच नसली की दोघं बरोबर हलतात आन् काटे जागेवर राहतात. म्हंजी मामा, गार्डसाहेब बंगला सोडून गेला आन् लिलावात तुम्ही हे घेतलंत, तवापासून अठरा वर्षं तुम्ही लोकोशेडात ड्युटीला गेलात ते साहेबाच्या लाईटबिलावर. उशिराबद्दल खाल्लेले तीन मेमो आता साहेबानं वाटून घ्यायला पाहिजेत. (मामी म्हणायची, ह्या घड्याळात जेवायची वेळ कधीच होत न्हाई. ती एकटीच खरं बोलत होती.)

मग किंमत. शेठनं ते कसोटीच्या दगडावर घासून बघितलं, पितळ निघालं. काच वजा करून वजन केलं. अकरा रुपये. एवढ्यात कारकुनाच्या सायकलची घंटाही येत न्हाई. मला लई दुःख झालं, रात्री एक भाकरी कमी खाल्ली. तरी आता कारकुनाला नकार कळवून दुसऱ्या कुणाचं मोठ्या मनानं बघावं.

आपला आज्ञाधारक,
खंडू

ता. क. पाकीट डकवताना आठवलं, की बडेबाबूंनी मला जुन्या वस्तूंच्या एका व्यापाऱ्याकडंही नेलं होतं. त्यानं एक आकडा सांगितला. पण तो बंगालीत बोलला आन् मला बंगाली कच्चं येतं, म्हणून आकडा इथं घातला न्हाई.

दुसरा ता. क. तिकिटाअभावी हे पत्र चार दिवस खिशातच राहिलं. आज रंभीचं कार्ड आलं. (मामा, रागावू नका. मी तिला तिच्या मैत्रिणीच्या, नकुशीच्या पत्त्यावर दोन ओळी टाकल्या होत्या, की खरा आकडा एवढा, पण तुझ्या बापाला असं असं कळवणार हाय, निर्धास्त राहा.) तिनं एवढंच लिहिलंय, "अठराशेला अकरा म्हणणारा माणूस उद्या मला काय म्हणंल? खरा आकडा लिही, न्हाईतर मी पाटसला चालले. तिथला निदान उघड मागतो." तर मामा, व्यापारी अठराशे रुपये देतो. लंबक दोन्ही चालू हालतीत असलेलं असं मीटर त्यानं तीस वर्षांत बघितलं न्हाई. अठराशे हे मला बंगालीत पहिल्यांदाच कळलं होतं.

तिसरा ता. क. म्हंजी आता कारकुनाचं सगळं भागतंय. पण मला हातघड्याळ नको, सायकल नको, ट्रान्झिस्टर नको. अठराशे तुमच्याकडंच ठेवा आन् रंभी मला द्या, एवढंच ह्या तीन पानांत लिहायचं होतं. शिव्या द्यायच्या असतील तर पाकिटात घालून द्या, कारण माझी कार्डं दुकानातली सगळी गडीमाणसं माझ्या आधी वाचतात. व्हय म्हणणार असाल, तर मात्र कार्डच टाका.