भावासंग जन्मलेली

माय, तुले लिहायचं तर तुझ्याच बोलीत लिहायला पाहिजे, पण शाळेनं माझा हात बिघडवून ठेवला. चालवून घे. आज माझी नात तिच्या डॉक्टरकीच्या पुस्तकातलं मोठ्यानं वाचत होती. पोटातल्या पोराचं अंड, म्हणजे वृषण, कसं घडतं, पेशी एकमेकींना निरोप कसे धाडतात, कोणत्या रसामुळे मुलाच्या पोटात गर्भाशय वाढतच नाही. त्या रसांना आता नावं आहेत म्हणे. ती वाचत होती आणि माझ्यासमोर आपला चिमूरकडचा गोठा उभा राहिला, आणि त्यात ती तांबडी कालवड.

इंग्रज जाऊन काही वर्षं झाली होती. आपल्या गाईला जुळं झालं, एक गोऱ्हा आणि एक कालवड. गोऱ्हा औताला लागला तरी कालवड माजावर येईना. खांदा बैलासारखा, आवाज घोगरा. बाबा तिला सांडाकडे नेऊन नेऊन थकले. नेमके तेव्हाच मला पाहायला पाहुणे येऊ लागले होते, आणि मी अन् भाऊ तर एकाच दिवशी तुझ्या पोटातून आलेलो. आत्यानं पाहुण्यांसमोरच तोंड उघडलं, "भावासंग पोटात राह्यलेली पोरगी हाय. त्या कालवडीवानी न निघो म्हंजे झालं!" झालं. पाहुणे चहा अर्धा टाकून उठले.

त्यानंतर कोणी यायचं म्हटलं की तू भावाला पोंभुर्ण्याला मामाकडे धाडायचीस. विचारलं तर सांगायचीस, "पोरगा मोठा हाय दोन वर्सानं." भाऊ चिडायचा, "मी का चोर हाव काय, माय? मले काऊन लपवतं?" तू चुलीपाशी बसून स्वतःलाच बोल लावायचीस, की पोटुशी असताना जोडकेळ खाल्लं आणि लेकीचं वाटोळं केलं. मला तुझा राग यायचा, खूप राग यायचा. पण न्हाताना मीही माझा खांदा चाचपून पाहत होते.

मग हिवाळ्यात चांद्याहून ढोरांचे डॉक्टर टोचायला आले. बाबांनी त्यांना कालवड दाखवली. त्यांनी तपासली, हात धुतले आणि म्हणाले, "ही गाभण राहायची नाही. गाईच्या पोटात दोन्ही वासरांची वार बहुतेक आपसांत जुळते, याचं रक्त तिच्यात जातं. मग गोऱ्ह्याचं..." तुला पाहून ते अडखळले. बाबा खोकले. तू पदर पुढं ओढलास आणि म्हणालीस, "अंड म्हणा ना, डाक्टरसाहेब. मी का कधी बैल पाह्यला नाई?"

डॉक्टर हसले. मग त्यांनी मोकळेपणानं सांगितलं. गोऱ्ह्याचं अंड पोटात असतानाच लवकर तयार होतं. त्यातून रस सुटतो, नर घडवायचा निरोप घेऊन. तो रक्तातून बहिणीपर्यंत पोचतो आणि तिची पिशवी वाढायची थांबते. त्या रसाचा पुरता पत्ता अजून कोणाला लागलेला नाही.

"अन् बाईच्या पोटात?" तू विचारलंस.

"माणसांत रक्त असं मिसळत नाही, बाई. भावासोबत जन्मलेल्या मुलीला खुशाल पोरं होतात."

पुढचे पाहुणे माजरीकडचे. भाऊ मामाकडे जायला पिशवी भरतो आहे, तर तू ती त्याच्या हातातून काढून घेतेस. त्याला माझ्याशेजारी सतरंजीवर बसवतेस. "हे दोघं जुळे हायत. आधीच सांगून राह्यली मी. अन् माह्या पोरीले काईच दोष नाई, डाक्टरनं सांगतलं." आत्या कपाळाला हात लावते. मुलाची आई माझ्याकडे बघते, भावाकडे बघते, आणि मला वाटतं आता ही उठणार. ती विचारते, "अन् यातलं मोठं कोन?"

"हे पोरगीच. घटकाभरानं."

"मंग आमच्याबी घरात हिचंच चालन," असं म्हणून ती चहाचा कप उचलते.

लग्नानंतर मला दिवस गेले. माहेरी येऊन मी ते सगळ्यांच्या आधी तुला सांगितलं. तू तांदूळ पाखडत होतीस. सूप हातातून सुटलं, ओसरीभर तांदूळ झाले, आणि तू ढसाढसा रडायला लागलीस. "सुटली वो माय, सुटली मी एकडाव!"

मी तुझी पाठ चोळत राहिले. मनात म्हटलं, अगं, म्हणजे तुला डॉक्टरचं पटलंच नव्हतं? आणि न पटता चारचौघांत एवढं छातीठोक बोललीस? वरवर मात्र मी तुला हसलेच, "डाक्टरनं सांगतलं होतं ना, मंग कायले रडतं?" तूही डोळे पुसत हसलीस. किती हलकं वाटलं होतं त्या दिवशी आपल्या दोघींना!

हे पत्र टपालाच्या कुठल्या डब्यात टाकणार? इथंच राहील. पण एवढं लिहून टाकते. डॉक्टरचं मलाही पटलं नव्हतं, माय. तुला पटलंय असं वाटलं, म्हणून मी मांडवात उभी राहिले.