संशय आला की ब्लॉक

२० सप्टेंबर, शनिवार
आजपासून माझा लॅपटॉप अभेद्य. फुकटातला जुना फायरवॉल उडवला, नवा विकत घेऊन टाकला. नीलिमा म्हणाली, "कशाला?" बायकोला काय सांगायचं! कोरमंगलाच्या स्टार्टअपमध्ये ‘सिक्युरिटी लीड’ म्हणून ज्याची निवड जवळजवळ झालेली आहे, त्याचं स्वतःचं मशीन उघडंवाघडं असून चालेल का?

फोनवरचा पहिला राउंड मी एकहाती जिंकला. त्यांनी प्रश्न दोनच विचारले, पण उत्तरं मी बरीच दिली. दुसरा राउंड व्हिडिओवर. वेळ आणि लिंक दसऱ्याच्या आत मेलने कळवतो म्हणाले.

नोकरी लागणारच, कारण लागायलाच हवी. एप्रिलपासून घरी आहे. नीलिमाला तिच्या ऑफिसने पुण्याची बदली देऊ केलीय. दसऱ्यापर्यंत हो-नाही कळवायचंय. माझं जमलं तर आम्ही इथेच, बेंगळुरूत, एचएसआरमध्ये. नाही जमलं तर पुणे, म्हणजे राजसदादाच्या बंगल्याचा वरचा मजला, म्हणजे रोज चहाबरोबर दादाचं "मी तेव्हाच म्हटलं होतं." त्यापेक्षा मी सिल्क बोर्डच्या सिग्नलला उभा राहून पेनं विकीन.

२१ सप्टेंबर, रविवार
फायरवॉल कडक आहे. सारखा विचारतो, अमुक प्रोग्रॅमला बाहेर जायचंय, अलाउ की ब्लॉक? धोरण ठरवलं: संशय आला की ब्लॉक. आणि मला संशय येतोच. ही माझी ताकद आहे. नीलिमा तिला स्वभाव म्हणते.

प्रिंटर ब्लॉक. घरात बसून कागद छापायचे, ह्याला बाहेर काय काम? घड्याळ ब्लॉक. एक महाभाग तर चक्क माझ्या मेलचं नाव लावून परदेशातल्या कुठल्याशा सर्व्हरकडे पुन्हा पुन्हा धावत होता. नाव माझं आणि धाव परदेशात! कायमचा ब्लॉक.

शेवटी फायरवॉलचाच एक ‘अपडेटर’ बाहेर जायची परवानगी मागायला लागला. पहारेकऱ्यानेच जागा सोडली तर झालंच. ब्लॉक.

२३ सप्टेंबर, मंगळवार
दोन दिवसांत एकही मेल नाही. एकही! सेल नाही, लोन नाही, ‘प्रिय ग्राहक’ नाही. इनबॉक्स कसा सारवल्यासारखा स्वच्छ. ह्याला म्हणतात फायरवॉल. ज्या लोकांना रोज पन्नास मेल येतात त्यांची मला कीव येते.

फोनवरचं मेलही काढून टाकलं. फोन म्हणजे किल्ल्याचा चोरदरवाजा. 

२४ सप्टेंबर, बुधवार
खालचे घरमालक प्रतापराव वर आले. ह्यांचे पूर्वज साडेतीनशे वर्षांपूर्वी बेंगळुरूला आले, तेव्हापासून घरातल्या सगळ्यांना सगळं शहर आपलं अंगण वाटतं. म्हणाले, "शुभंकर, आमचं नेट गेलंय रे, स्वल्प वायफाय दे की. सुनेची मीटिंग आहे." मी त्यांना पासवर्ड शेअर करण्याचे धोके समजावून सांगितले. पंधरा मिनिटं तरी उभे होते बिचारे. म्हणाले, "सरी सरी, परवागिल्ला, असू दे," आणि तिसऱ्या मजल्यावरच्या मुलांकडून घेऊन गेले. त्या मुलांना सावध करायला हवं. नको, भोगू देत.

दुपारी अनोळखी नंबर, बेंगळुरूचा. कट केला. परत आला. कट. परत. ब्लॉक. आजकाल ठग लोकांची चिकाटी नोकरदारांपेक्षा जास्त आहे.

स्टार्टअपचा मेल अजून नाही. ही आजची तरुण कंपनी! ऑफिसात बीन बॅग, फ्रिजमध्ये कोल्ड कॉफी, आणि एक मेल टाकायला हात नाही.

२६ सप्टेंबर, शुक्रवार
फायरवॉल म्हणतो, मी जुना झालो, मला अपडेट करा. अपडेट म्हटलं की म्हणतो, सर्व्हर सापडत नाही. विकून आठवडा झाला नाही तर जुना! हेल्पलाइनला फोन. एक पोरगा हिंदीत म्हणाला, सर, आमचा अपडेटर तुम्हीच ब्लॉक केलाय. मी म्हटलं, ग्राहकावर ढकलू नका. तो म्हणाला, सर, ब्लॉकच्या यादीत बघा ना एकदा, अजून काही अडकलं असेल. मी विचारलं, माझ्या मशीनमध्ये यादी आहे हे तुला कसं कळलं? लगेच होल्डवर टाकलं. चोराच्या मनात चांदणं.

तीन स्टार देणार होतो, एक दिला.

२९ सप्टेंबर, सोमवार
नीलिमाने विचारलं, मेल आला का? नाही. मग म्हणाली, "अरे, तूच एक फोन कर ना त्यांना." मी म्हटलं, गरज त्यांना आहे. सिक्युरिटीचा माणूस स्वतःहून दार वाजवत नाही. ती म्हणाली, "बरं." तिचं हे ‘बरं’ मला अजिबात आवडत नाही. त्यात मान्य केल्यासारखं काहीच नसतं.

मेल येत नाही ह्याचा अर्थ मला कळलाय. हीच परीक्षा आहे. उमेदवार किती संयम ठेवतो ते बघतायत. ठेवतोय.

१ ऑक्टोबर, बुधवार, खंडेनवमी
सकाळी अपडेट करणार होतो. हेल्पलाइनच्या त्या पोराला काही कळत नाही हे सिद्ध करण्यासाठी अपडेटरला एकदा अलाउ करून बघायचं ठरवलं होतं. पण आज शस्त्रपूजा. खाली प्रतापरावांनी स्कूटरच्या चाकांखाली लिंबं ठेवली, कोहळा फोडला, मोटरपंपालासुद्धा हार. मग मी का मागे राहू? माझं शस्त्र माझा लॅपटॉप. बंद केला, पाटावर मांडला, कुंकू लावलं, शेवंतीचा हार घातला. पूजेला बसवलेलं हत्यार दसऱ्यापर्यंत हलवायचं नाही. अपडेट उद्या.

संध्याकाळी ६. नीलिमाच्या फोनवर फोन. कोणी मैत्रेयी, स्टार्टअपच्या एचआरमधून. अर्जात दुसरा नंबर म्हणून बायकोचा होता म्हणे. अमेरिकेतले साहेब अर्ध्या तासात मोकळे आहेत, हा शेवटचा स्लॉट, लगेच व्हिडिओवर या. मी लगेच ओळखलं. सणाच्या दिवशी, घाई करून, बायकोच्या मार्फत! हे ठग असेच आत शिरतात.

फोन घेऊन विचारलं, तुम्ही खऱ्या कशावरून? म्हणाली, "सर, मी चार मेल केले, कितीदा फोन केला." पकडली! म्हटलं, माझ्याकडे एकही मेल आलेला नाही. ती म्हणाली, "प्लीज सर, फक्त लॅपटॉप उघडा." मी म्हटलं, आज उघडत नसतात, पूजेला बसलाय. आणि उघडा म्हणणाऱ्यांसाठी तर मुळीच नाही. सायबर क्राइमला कळवू का? तिने फोन ठेवला.

नीलिमा स्वतःचा लॅपटॉप घेऊन उभी होती. म्हणाली, "ह्याच्यावरून कर, अजून वेळ आहे." त्या धर्मशाळेवरून? त्यावर फायरवॉलच नाही. ती लॅपटॉप मिटून आत गेली. चूक लक्षात आली असावी.

२ ऑक्टोबर, दसरा
प्रतापरावांनी बन्नीची, म्हणजे शमीची, पानं दिली. आपल्याकडे आपट्याची देतात म्हणून सांगितलं. "सोनं ते सोनं," म्हणाले.

दुपारी लॅपटॉपचा हार उतरवला. अपडेटर अलाउ केला. अपडेट झटक्यात झालं. नव्या व्हर्जनने जुने सगळे नियम पुसून टाकले. न विचारता!

मग मेल यायला लागले. सेल. लोन. प्रिय ग्राहक. मैत्रेयी. मैत्रेयी. मैत्रेयी: ‘सर, सगळं ठीक आहे ना?’ पुन्हा मैत्रेयी, लिंकसह. शेवटचा काल रात्रीचा: दुसऱ्या उमेदवाराला घेतलं, शुभेच्छा. खाली साहेबांची ओळ चुकून राहिली होती. माझी निवड पक्कीच होती, व्हिडिओवरची भेट नुसती औपचारिक होती.

लगेच उत्तर लिहिलं. तुमची उमेदवाराशी संपर्क साधण्याची पद्धत अत्यंत असुरक्षित आहे, ती सुधारण्यासाठी मी उपलब्ध आहे. पाठवलं.

मग बाथरूममध्ये जाऊन नळ सोडला आणि रडलो. हे इथेच राहू दे.

४ ऑक्टोबर, शनिवार
नीलिमाला सांगायला दोन दिवस धीर झाला नाही. आधी जागेचं मिटवावं आणि मग पुण्याचा निर्णय मीच घेतला असं सांगावं, असं ठरवलं. पुरुषाने अशा वेळी पुढाकार घ्यावा. दादाला सांगायचं वाक्यही जुळवलं: बेंगळुरूत आता काही राम राहिला नाही.

खाली जाऊन प्रतापरावांना म्हटलं, आम्ही जागा सोडायचा विचार करतोय. ते म्हणाले, "गोत्ताय, माहीत आहे की. नीलिमाअक्का घटस्थापनेलाच सांगून गेल्या. पुढच्या एक तारखेपासून माझा पुतण्या येतोय. तू स्वल्प पण काळजी करू नको."

घटस्थापना म्हणजे बावीस तारीख. तेव्हा माझा इनबॉक्स नुकता स्वच्छ होत होता.

वर आलो. नीलिमा काचेचे ग्लास वर्तमानपत्रात गुंडाळत होती. विचारलं, पुण्याला हो कधी कळवलंस? म्हणाली, त्याच दिवशी. मी विचारलं, आणि मला नोकरी लागली असती तर?

तिने हातातला ग्लास गुंडाळून खोक्यात ठेवला. म्हणाली, "तर नाही म्हणून परत कळवलं असतं. त्यात काय. पण तशी वेळ येईल असं वाटलं नाही रे." रागाने म्हणाली असती तर मी भांडलो असतो. भांडायला माझ्याकडे पुष्कळ मुद्दे होते. पण ती अगदी मायेने म्हणाली.

मग म्हणाली, ते वर्तमानपत्र इकडे दे. दिलं.